इंटरनेट-आधारित आरोग्यसेवा : अर्थ, उगम आणि पूर्व विदर्भातील कसोटी

रुग्ण आणि वैद्य एका जागी आल्याखेरीज तपासणी होत नाही आणि तपासणीखेरीज उपचार होत नाहीत, ही वैद्यकाने शतकानुशतके गृहीत धरलेली अट होती. तारयंत्र, दूरध्वनी, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि उपग्रह या साधनांनी विसाव्या शतकात ती अट टप्प्याटप्प्याने सैल केली आणि इंटरनेटने ती सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल इतकी सैल केली. भंडारा जिल्ह्यातील शहापूर हे नागपूर-भंडारा राष्ट्रीय महामार्गावरचे गाव आहे. तेथील एखाद्या मजुराला मधुमेहाचा सल्ला मोबाइलच्या पडद्यावरून मिळू शकतो, ही शक्यता आज कोणाला नवलाची वाटत नाही. परंतु या शक्यतेचा नेमका अर्थ काय, ती कोठून आली आणि कोणत्या अटींवर खरी ठरते, हे प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा आढावा घेतला असून, या सेवेचे यश तंत्रज्ञानापेक्षा रुग्णाच्या शेजारी कोण उभे आहे यावर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

संकल्पनेची व्याप्ती

या क्षेत्रात अनेक संज्ञा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, म्हणून प्रथम त्यांची व्याप्ती ठरवणे आवश्यक आहे. दूरवैद्यक, म्हणजे टेलिमेडिसिन, ही त्यांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत अरुंद संज्ञा असून, अंतरामुळे दुरावलेल्या रुग्णाला संदेशवहनाच्या साधनाने निदान, सल्ला व उपचार पुरवणे एवढाच तिचा अर्थ आहे. साधन इंटरनेटच असले पाहिजे, असे तिचे बंधन नाही. ई-आरोग्य ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेटच्या व्यापारी विस्ताराबरोबर रूढ झाली. गुंथर आयझेनबाख यांनी २००१ मध्ये तिची जी मांडणी केली, तीत तांत्रिक साधनांबरोबरच स्थानिक ते जागतिक पातळीवर परस्परांशी जोडून घेऊन आरोग्यसेवा सुधारण्याची वृत्तीही अभिप्रेत होती. त्यानंतर केवळ चार वर्षांनी, २००५ मध्ये, प्रकाशित साहित्याचा धांडोळा घेणाऱ्या एका अभ्यासाला या एकाच संज्ञेच्या ५१ वेगवेगळ्या व्याख्या आढळल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने ई-आरोग्यावर ठराव केला आणि २०१८ मध्ये डिजिटल आरोग्यावर दुसरा ठराव केला.

व्याख्यांच्या या गर्दीतून वाट काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे इंटरनेट आरोग्यसेवेत कोणते काम करते ते पाहणे. अशी कामे मुख्यतः चार आहेत. पहिले काम माहितीचे असून, रोग, औषधे, आहार व सरकारी योजना यांविषयीचे ज्ञान रुग्णापर्यंत आणि वैद्यांपर्यंत पोचवणे हे त्यात येते. दुसरे काम सल्ल्याचे असून त्याचे दोन प्रकार पडतात : रुग्णाने थेट डॉक्टरशी बोलणे, आणि रुग्णाजवळ असलेल्या आरोग्यकर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरने दूरच्या तज्ज्ञाशी बोलणे. तिसरे काम देखरेखीचे, म्हणजे रक्तदाब, रक्तातील साखर किंवा हृदयाचा आलेख यांची मोजमापे घरून वा उपकेंद्रातून पाठवून दीर्घकालीन आजारावर लक्ष ठेवण्याचे आहे. चौथे काम नोंदींचे असून, रुग्णाचा वैद्यकीय इतिहास एका संस्थेच्या कपाटात अडकून न पडता रुग्णाबरोबर फिरावा, हा त्यामागील हेतू आहे. ही कामे दोन रीतींनी चालतात. एका रीतीत दोन्ही बाजू एकाच वेळी समोरासमोर असतात. दुसरीत क्ष-किरण प्रतिमा, त्वचेचे छायाचित्र किंवा तपासणीचा अहवाल साठवून पाठवला जातो आणि तज्ज्ञ सवडीने मत देतो. जेथे इंटरनेटचा वेग कमी व अनिश्चित असतो, तेथे ही दुसरी रीत अधिक भरवशाची ठरते.

उगम : तारेपासून जाळ्यापर्यंत

हॉलंडमधील लायडन येथील शरीरशास्त्रज्ञ विलेम आइंथोवेन यांनी १९०५ मध्ये रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे विद्युत संकेत दूरध्वनीच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणले आणि तेथे त्यांचा आलेख नोंदवला. आलेखन यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते, म्हणून रुग्णाऐवजी त्याचे संकेत हलवावे लागले. दूरवैद्यकाचे मूळ तत्त्व या अडचणीतच जन्मले. पुढे रेडिओमुळे भर समुद्रातील जहाजांना वैद्यकीय सल्ला देता येऊ लागला आणि १९३५ मध्ये रोम येथे याच कामासाठी आंतरराष्ट्रीय रेडिओ वैद्यकीय केंद्र स्थापन झाले.

दूरचित्रवाणीच्या काळात अमेरिकेत तीन महत्त्वाचे प्रयोग झाले. नेब्रास्का राज्यातील मनोविकार संस्थेने १९५९ पासून दुहेरी दूरचित्रवाणीचा वापर सुरू केला आणि १९६४ मध्ये सुमारे १८० किलोमीटरवरील नॉरफोक येथील मनोरुग्णालयाशी थेट जोडणी केली. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने १९६८ मध्ये तेथील लोगन विमानतळावरील वैद्यकीय कक्ष आपल्याशी जोडला. या कक्षात परिचारिका उपस्थित असत आणि डॉक्टर पडद्यावरून तपासणी करीत. १९७० च्या दशकात नासा या अवकाश संस्थेने अॅरिझोनातील पापागो आदिवासींच्या प्रदेशात फिरते वैद्यकीय वाहन पाठवले, ज्यात प्रशिक्षित साहाय्यक रुग्णाची तपासणी करून दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधत. बॉस्टन आणि अॅरिझोना या दोन्ही प्रयोगांत रुग्णाच्या बाजूला एक शिकलेला हात होता, ही गोष्ट नंतरच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या काळातील बहुतेक प्रयोग निधी संपताच थांबले, कारण प्रत्येक प्रयोगासाठी स्वतंत्र आणि महाग संदेशवाहिनी उभारावी लागत होती.

इंटरनेटने नेमकी ही अडचण दूर केली. व्यापार, शिक्षण, पत्रव्यवहार आणि करमणूक यांसाठी जे जाळे विणले गेले, तेच वैद्यकालाही उपयोगी पडू लागल्यामुळे केवळ आरोग्यासाठी वेगळी तार ओढण्याची गरज उरली नाही. १९९१ मध्ये विश्वजाल सर्वांसाठी खुले झाले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची सूची जगाला विनामूल्य उपलब्ध करून दिली. इंटरनेटने आरोग्यक्षेत्रात प्रथम माहितीच्या वाटेने प्रवेश केला. सल्ला, देखरेख आणि नोंदी ही कामे वेग व सुरक्षितता वाढल्यानंतर आली. चीनमध्ये २०१५ च्या अखेरीस वूझेन येथे इंटरनेट रुग्णालय सुरू झाले, तेव्हा या चारही कामांना एका छत्राखाली आणण्याची कल्पना प्रत्यक्षात आली होती.

भारत आणि महाराष्ट्र : दोन प्रवाह

भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावी २००० मध्ये अपोलो रुग्णालय समूहाने दूरवैद्यक केंद्र उभारले आणि २००१ पासून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा रुग्णालये व महानगरांतील मोठी रुग्णालये जोडण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात इस्रोच्या साहाय्याने मुंबईतील केईएम रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले, तर टाटा मेमोरियल रुग्णालयाने कर्करोगाच्या रुग्णांना प्रत्येक खेपेला मुंबई गाठावी लागू नये यासाठी चिपळूणजवळील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयासारख्या संस्थांशी संपर्क जोडला. कर्करोगाच्या उपचारात निदान एकदा होते, परंतु पाठपुरावा अनेक वर्षे चालतो, म्हणून दूरसंवादाचा सर्वाधिक लाभ पाठपुराव्यात होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

माहितीच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने लवकर पावले उचलली. मुंबईत १९९० च्या दशकात डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी रुग्णांसाठी आरोग्य ग्रंथालय उभारले. डॉ. श्याम अष्टेकर यांनी गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या ‘भारतवैद्यक’ या ग्रंथातील ज्ञान पुढे इंटरनेटवर मराठीत उपलब्ध झाले. इंग्रजी न जाणणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या दुसऱ्या कार्याचे मोल मोठे आहे, कारण जी माहिती स्वभाषेत नाही, ती मोबाइलवर असूनही त्याच्या आवाक्याबाहेरच राहते.

तंत्रज्ञानाच्या या प्रवाहाला समांतर असा दुसरा प्रवाह महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून वाहत होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अल्पशिक्षित, बहुतेकदा निरक्षर अशा ग्रामीण स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेऊ शकतात, हे त्यांनी ३९ गावांतील कामातून दाखवून दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या कामात इंटरनेट नव्हते, परंतु इंटरनेट-आधारित सेवेला पुढे जो आधार लागला तो येथेच तयार झाला. डॉक्टर नसलेली, तरी योग्य रीतीने शिकवलेली आणि गावाच्या विश्वासातील व्यक्ती तपासणीचा व उपचाराचा पहिला टप्पा सांभाळू शकते, हा तो आधार होय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून नेमलेल्या आशा कार्यकर्त्या आणि आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांत आलेले समुदाय आरोग्य अधिकारी या विचारपरंपरेचेच वारस आहेत.

हे दोन प्रवाह ई-संजीवनी या राष्ट्रीय सेवेत एकत्र आले. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, मोहाली शाखेने ती विकसित केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पहिल्या रूपात उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडतो. करोना साथीतील टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, रुग्णाने घरूनच डॉक्टरशी बोलण्याचे दुसरे रूप सुरू झाले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतील सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

कायद्याची चौकट

सेवा वाढण्यापूर्वी तिच्या कायदेशीर स्थानाविषयी मोठी संदिग्धता होती. रत्नागिरीतील एका प्रकरणात, डॉक्टर जागेवर नसताना दूरध्वनीवरून औषधे सांगितली गेली आणि प्रसूत महिलेचा मृत्यू झाला. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदानाविना औषधयोजना करणे हा गंभीर निष्काळजीपणा असल्याचे म्हटले. प्रकरण प्रत्यक्ष रुग्णालयातील हलगर्जीचे असले, तरी फोनवर सल्ला देणे हाच गुन्हा ठरेल की काय, अशी धास्ती राज्यभरातील डॉक्टरांत पसरली. ही संदिग्धता २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक व्यवसायविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी बऱ्याच अंशी दूर केली.

या तत्त्वांनुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दृश्य, ध्वनी किंवा लिखित अशा कोणत्याही माध्यमातून सल्ला देता येतो, मात्र दूरसल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवावे लागेल, हे ठरवण्याची जबाबदारी त्याचीच राहते. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. औषधांची वर्गवारी केलेली असून, काही औषधे कोणत्याही माध्यमातून, काही फक्त पहिल्या दृश्यसल्ल्यानंतर, तर काही केवळ पाठपुराव्यात देता येतात आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे दूरसल्ल्याने मुळीच देता येत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला साहाय्य करू शकते, पण तिने स्वतः रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे निषिद्ध आहे. नोंदींच्या बाबतीत सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाने १४ अंकी आरोग्य खात्याची सोय केली. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले होते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीचे तत्त्व कायद्यात आणले.

शहापूरच्या संदर्भात

या सर्व घडामोडींचा अर्थ शहापूरसारख्या गावाच्या मोजपट्टीवर पाहिला पाहिजे. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची रचना उतरंडीची आहे : मैदानी भागात सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्हा सामान्य रुग्णालय आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. भंडारा जिल्ह्यातील गुंतागुंतीचे रुग्ण परंपरेने नागपूरला, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात आले आणि अलीकडे तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची भर पडली आहे. शहापूर महामार्गावर असल्याने तेथील रुग्णाला वाहन मिळणे तुलनेने सोपे आहे. लाखांदूर, पवनी किंवा साकोली तालुक्याच्या आतील गावांची स्थिती त्याहून कठीण आहे. तरीही अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. धानाच्या रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत नागपूरची एक फेरी म्हणजे रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची अशा दोन माणसांची मजुरी बुडणे, शिवाय प्रवासाचा खर्च आणि बाह्यरुग्ण विभागातील रांग. औषध सुरूच ठेवायचे की बदलायचे, एवढ्या एका प्रश्नासाठी ही किंमत मोजावी लागत असेल, तर रुग्ण पाठपुरावा सोडून देतो. इंटरनेट-आधारित सेवेचा खरा उपयोग येथे आहे.

पूर्व विदर्भातील सिकलसेल आजार हे याचे बोलके उदाहरण आहे. आनुवंशिक दोषामुळे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या बनणाऱ्या या आजारात रुग्णाला आयुष्यभर औषधे, रक्ताच्या नियमित तपासण्या, आहार व पाण्याविषयीचे मार्गदर्शन आणि विवाहापूर्वी समुपदेशन लागते. निदान पक्के झाल्यावर यातील बराचसा पाठपुरावा उपकेंद्रात तपासणी करून आणि नागपूरच्या तज्ज्ञाशी पडद्यावरून बोलून होऊ शकतो. परंतु याच रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका आला किंवा छातीत संसर्ग झाला, तर त्याला रुग्णालयातच नेले पाहिजे. हीच विभागणी इतर आजारांनाही लागू पडते. उच्च रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार, त्वचारोग आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल यांत दूरसल्ला उपयोगी ठरतो. सर्पदंश, अडलेली प्रसूती, अपघात आणि छातीतील तीव्र कळ यांत मात्र तो वाट दाखवण्यापुरताच असावा, आणि रुग्णवाहिका व रक्तपेढी यांची जागा त्याने कधीही घेऊ नये. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आणि ई-संजीवनी या दोहोंना एकमेकींची गरज आहे.

संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत ९३ चाचण्या आणि २२ हजारांहून अधिक सहभागी यांचा विचार झाला. हृदयनिकामीपणाच्या रुग्णांत दूरसेवा व प्रत्यक्ष सेवा यांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही आणि मधुमेहींत दूरसेवेने साखरेवर अधिक चांगले नियंत्रण मिळाले. यापैकी बहुतेक पुरावा श्रीमंत देशांतील आहे, म्हणून पूर्व विदर्भात तो जसाच्या तसा लागू करण्यापूर्वी येथील परिस्थितीत स्वतंत्र मूल्यमापन होणे आवश्यक आहे.

मर्यादा आणि धोके

पहिली मर्यादा विषमतेची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ३३ टक्के होते. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. अशा घरातील स्त्रीला प्रसूती, पाळी किंवा मानसिक त्रास यांविषयी खासगीपणे सल्ला घेणे कठीण जाते. त्यामुळे घरून वापरायच्या सेवेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व उपकेंद्रातील साहाय्यित सल्ल्याला दिले पाहिजे, जेथे यंत्र शासनाचे आणि साहाय्यक प्रशिक्षित असतो. दुसरी मर्यादा तपासणीची आहे. पोट दाबून पाहणे, छातीचे ठोके ऐकणे आणि रुग्णाच्या चालण्यातून काही ताडणे हे पडद्यावरून पूर्णपणे साधत नाही, म्हणून उपकेंद्रात साध्या चाचण्यांची सोय नसेल तर दूरसल्ला अंदाजावर चालतो. तिसरी मर्यादा औषधांची आहे, कारण सल्ला मिळूनही केंद्रात औषध नसेल तर रुग्णाला पुन्हा शहर गाठावेच लागते.

धोकेही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. समाजमाध्यमांतून पसरणारे अशास्त्रीय उपचार माहितीच्या याच वाटेने घरात शिरतात. रुग्णाच्या नोंदी एकदा जाळ्यावर आल्या की त्यांची गळती होण्याची भीती राहते, आणि सिकलसेल किंवा मानसिक आजारासारख्या नोंदी उघड झाल्यास विवाह व रोजगार यांवर परिणाम होऊ शकतो. सल्ल्यांच्या संख्येलाच यश मानण्याची प्रवृत्तीही घातक आहे. नोंदवलेल्या सल्ल्यांपैकी किती रुग्णांना औषध मिळाले, किती पुन्हा तपासले गेले आणि किती वेळेवर रुग्णालयात पोचले, हे मोजल्याखेरीज सेवेची गुणवत्ता कळत नाही.

समारोप

इंटरनेट-आधारित आरोग्यसेवेच्या मुळाशी असलेल्या दूरवैद्यकाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे आणि त्यातून एक सूत्र सातत्याने पुढे येते. बॉस्टनच्या विमानतळावरील परिचारिका, अॅरिझोनातील फिरत्या वाहनातील साहाय्यक, जामखेड-गडचिरोलीच्या आरोग्य कार्यकर्त्या आणि ई-संजीवनीतील समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यामुळे दूरचे ज्ञान रुग्णाच्या शरीरापर्यंत पोचले. त्यांच्याविना पडदा केवळ सल्ला ऐकवतो. म्हणून भंडारा जिल्ह्यातील उपकेंद्रांसाठी आखणी करताना इंटरनेटच्या वेगाबरोबर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची भरलेली जागा, त्याचे नियमित प्रशिक्षण, चालू स्थितीतील तपासणी साधने, पुरेसा औषधसाठा आणि आशा कार्यकर्तीचे वेळेवर मिळणारे मानधन ही सेवेचीच अंगे मानली पाहिजेत, आणि त्यांपैकी एकही नसताना केवळ संगणक बसवून सेवा सुरू झाल्याचे जाहीर करणे थांबवले पाहिजे. शहापूरच्या मजुराला नागपूरच्या तज्ज्ञाचे मत मजुरी न बुडवता मिळावे आणि गरज पडेल तेव्हा त्याच तज्ज्ञाकडे वेळेत पोचताही यावे, या दोन्ही गोष्टी एकत्र साध्य झाल्या, तरच ही सेवा आरोग्याच्या समान हक्काकडे नेणारी ठरेल.